मागचा वॉचमन

वॉचमनमामांनी बागेच्या फाटकाचं एक दार ओढलं, तोच इस्त्रीवाली, दूधवाला आणि फिरायला येणाऱ्या दोनतीन आज्यांनी त्यांना घेरलं.

"मामा, बांबूच्या बेटात कोणीतरी असतं म्हणे. बायकांच्या मागे मागे चालतं."

"कुणी पाहिलं?"

"पाहायची वाट बघू होय? सगळे बोलतायत!"

मामा हसले खरे, पण नजर मागे आपल्या खोलीकडे गेली. बाग ओस पडली की कमिटी कुलूप ठोकणार, आणि फाटकाजवळची खोलीही जाणार. खोलीत बायको अंथरुणाला खिळलेली. तिला घेऊन जायचं कुठं?

मामांनी थाप ठोकून दिली.

"अहो, तो आपलाच माणूस. मागच्या बाजूला दुसरा वॉचमन ठेवलाय. साध्या कपड्यात असतो, चोराला कळू नये म्हणून."

"मग आधी तोंडात काय मिठाची गुळणी धरली होती?" इस्त्रीवाली करवादली.

बाग पुन्हा भरली. झोपाळे कुरकुरू लागले. मामांनी एकदा बेटात डोकावून पाहिलं. आत माणूसभर जागेतलं गवत दबलेलं होतं. कुत्रं बसत असेल, म्हणून ते परत फिरले. जरा भरभरच.

एका संध्याकाळी शिवणकाम करणाऱ्या काकू सगळ्यांच्या शेवटी बाहेर निघाल्या.

"मामा, तुमचा मागचा वॉचमन भला माणूस हो."

मामांच्या हातातला पाइप नुसताच वाहत राहिला.

"कोण?"

"असं काय करता? रोज माझ्या मागे चालतो. आधी जीव घाबरा व्हायचा. तुम्ही सांगितलंत, तेव्हा धीर आला. आज मीच बोलले."

"काय बोललात?"

"एकट्याच राहता का, विचारत होता. म्हटलं, हो रे बाबा. घरसुद्धा दाखवलं इथूनच. चहाला ये म्हटलं, तर येतो म्हणाला."

बेटातलं एकही पान हलत नव्हतं.

"चला काकू, आज मी सोडतो तुम्हाला," मामा घाईनं म्हणाले.

"अन् मामींजवळ कोण? खोलीचं दार तर सताड उघडं आहे." मग काकू स्वतःशीच हसल्या. "माझंही डोकं चालेना. तो आहे की!"

मामांचा एक पाय फाटकाबाहेर पडला होता. दुसरा काही केल्या उचलेना.