फुटाला सहाशे डॉलर

"फुटाला सहाशे," यार्डाच्या मालकिणीने, ब्रेंडाने सांगितले आणि कॅल्क्युलेटर सुमंतसमोर सरकवला. बोट बेचाळीस फुटांची होती. आकडा पंचवीस हजार दोनशेचा आला.

"अगं, बोट घेतली एकतीस हजारांना, आणि नुसता रंग पंचवीस हजार?" सुमंत बायकोकडे, आसावरीकडे वळून मराठीत म्हणाला. "लूट आहे यार ही!"

वेस्ट विंडसरच्या घरून पाच तास ड्राइव्ह करून ते न्यूयॉर्क राज्यातल्या या कालव्याकाठच्या, बोटी दुरुस्त करणाऱ्या यार्डात आले होते. बोट जुनी होती, लोखंडी, लांबट, आत चार जणांची झोपायची सोय असलेली. तिचा हिरवा रंग पोपडे धरून सुटत होता. सुमंतच्या कंपनीतले दोघे सीनियर अशाच बोटींवर सुट्ट्या घालवायचे, तेव्हापासून त्याच्या डोक्यात बोट बसली होती.

आसावरीचे वडील प्रल्हाद दाराशी उभे होते. कोल्हापूरहून येऊन त्यांना तीन आठवडे झाले होते. एसटीच्या वर्कशॉपमध्ये त्यांनी चौतीस वर्षे गाड्या रंगवल्या होत्या. ब्रेंडाचे बोलणे त्यांना कळले नाही, पण जावयाचा चेहरा कळला.

"सुमंतराव, मी करतो की," ते म्हणाले. "पत्राच हाय न्हवं? एसटीचा असू दे, न्हाईतर नावेचा."

"सिरियसली, बाबा? झेपेल तुम्हाला?"

"बसून बसून अंग आंबलंय बघा माझं. तेवढंच बरं वाटंल."

आसावरी म्हणाली, "बाबा, तुम्ही आराम करायला आलाय ना?" पण ते तिने एकदाच म्हटले.

ब्रेंडाने शेडमधला एक कोपरा भाड्याने दिला. प्रल्हाद बोटीतच राहू लागले. सुमंत दर शनिवारी येऊन डाळ-तांदूळ, ब्रेड आणि अंडी ठेवून जायचा. पहिले अकरा दिवस नुसते खरवडण्यात गेले. नाकाला रुमाल बांधून ते गंजाचा एकेक ठिपका पत्रा पांढरा दिसेपर्यंत घासत. मग प्राइमर, मग खड्ड्यांत लांबीची पुट्टी, पुन्हा घासणे, पुन्हा प्राइमर. रंगाचे दोन हात देऊन झाले, तरी त्यांचे समाधान होईना. तिसरा हात त्यांनी दिला तो शेडचे दार लावून, जमिनीवर पाणी शिंपडून, धूळ बसल्यावर.

यार्डाचा पेंटर वॉल्ट त्यांच्याच वयाचा होता. फुटाला सहाशे घेऊन काम करणारा तो हाच. पहिले काही दिवस तो लांबूनच बघायचा. एका दुपारी तो जवळ आला, बोटीच्या कडेला गाल लावून त्याने रंगाच्या सपाटीवरून लांबवर नजर टाकली आणि निघून गेला. दुसऱ्या दिवसापासून तो दोन कप कॉफी आणू लागला. दोघे पेटीवर बसून ती प्यायचे. दोघांपाशी एकमेकांची भाषा नव्हती. वॉल्ट बोटाने रंगाकडे दाखवायचा, प्रल्हाद मान हलवायचे.

बोटीला नाव उर्वीचे द्यायचे, असे आसावरीने सुरुवातीलाच सांगितले होते. उर्वी म्हणजे तिची बारा वर्षांची मुलगी. प्रल्हादांनी गडद निळ्यावर पिवळ्या रंगात, लाल सावली देऊन, हातभर उंचीची अक्षरे काढली. वर देवनागरीत, खाली इंग्रजीत. दोन्ही बाजूंनी एकेक कमळ. कडेने वेल. वर्कशॉपमध्ये सगळी अक्षरे साच्यातून मारायची असत. मोकळ्या हाताने काढायला त्यांना तिथे कुणी सांगितले नव्हते.

सप्टेंबरातल्या एका रविवारी बोट पाण्यात उतरली. सुमंतने वेस्ट विंडसरहून दोन कुटुंबे बोलावली होती. आसावरीने बटाटेवडे करून आणले होते. ती आत चहा करत होती आणि वड्यांचा ट्रे बाहेर फिरवायला तिने वडिलांकडे दिला होता.

पाहुण्यांतला गिरीश गाडीतून उतरला आणि जागीच थांबला.

"अरे सुमंत, ही बोट आहे का ट्रक? हॉर्न ओके प्लीज लिहायचं राहिलं की रे!"

सगळे हसले. त्याची बायको सावनी हसता हसता फोटो काढू लागली. "ग्रुपवर टाकते हं," ती म्हणाली.

"कुणाकडून करून घेतलंस?" गिरीशने विचारले.

सुमंतने प्रल्हादांकडे पाहिले. ट्रे घेऊन ते चार पावलांवर उभे होते.

"इथला एक लोकल माणूस आहे," सुमंत म्हणाला. "स्वस्तात केलं. टेम्पररी आहे रे हे."

"दिसतंच आहे. काका, तुमच्या कोल्हापूरकडचे ट्रक असेच असतात ना?"

"व्हय," प्रल्हाद म्हणाले. "अगदी असेच असतात." मग सगळे आपल्याकडेच बघताहेत असे वाटून ते पुढे म्हणाले, "स्वस्तातलं काम असंच असतंय बघा. वडा घ्या."

सावनीने एक वडा उचलला आणि आपली रिकामी प्लेट त्यांच्या ट्रेमध्ये ठेवली.

आसावरी चहा घेऊन दारात आली होती. तिने सगळे ऐकले होते. उर्वी तिला हळूच म्हणाली, "Mom, can we change it? It's so embarrassing." आसावरी म्हणाली, "हळू बोल," आणि चहाचे कप मोजू लागली.

परतीच्या वाटेवर तिने मागे वळून वडिलांना म्हटले, "मनाला लावून घेऊ नका हं, बाबा. तुमची मेहनत आहेच. फक्त फोटोत जरा भडक दिसतं."

"भडकच हाय," प्रल्हाद म्हणाले.

ऑक्टोबरात बोट पुन्हा शेडमध्ये आली. दिवाळीनंतर सुमंत कंपनीतल्या सीनियर मंडळींना बोटीवर बोलावणार होता. त्याने एकरंगी करडा रंग निवडला. ब्रेंडाने नवा आकडा काढला. रंगाचे तेच पंचवीस हजार दोनशे, आणि वर जुना रंग घासून काढायचे चार हजार.

"हे चार हजार कशाला?" सुमंत वैतागला. प्रल्हादांना त्याने मुद्दाम सोबत आणले होते, खाली कुठले प्राइमर आहे ते यार्डाला सांगायला. तो त्यांच्याकडे वळला. "बाबा, तुमचं फ्लाइट पुढच्या मंगळवारी ना?"

"व्हय."

"मग हातात आठवडा आहे. काय काय लावलंय ते तुम्हालाच माहीत. तुम्हीच घासून दिलंत तर... म्हणजे, जमत असेल तरच."

आसावरी फोनमध्ये बघत होती. तिने मान वर केली नाही. प्रल्हादांनी तिच्याकडे पाहिले.

"देतो की," ते म्हणाले.

सहा दिवस ते वॉटर पेपर पाण्यात बुडवून रंग घासत होते. प्राइमर चांगले बसले होते. ते उखडू नये म्हणून मशीन न लावता ते हातानेच घासत. निळे पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळायचे. थंडी पडू लागली होती, बोटे आखडायची. मग ते हात काखेत धरून थोडा वेळ उभे राहत.

वॉल्टला ब्रेंडाने हे सांगितले, तेव्हा त्याचा विश्वास बसला नाही. तो आला. वेली गेल्या होत्या, कमळे गेली होती, नाव तेवढे उरले होते. त्याने प्रल्हादांच्या हातातला पेपर काढून घेतला, नावाकडे बोट दाखवले आणि मान जोरजोरात हलवली. नको. त्याच्या बोलण्यातला एकच शब्द प्रल्हादांना कळला, आणि तो होता 'गुड'.

"असू दे," प्रल्हाद मराठीतच म्हणाले. "पोरीला आवडत न्हाई."

त्यांनी वॉल्टच्या मुठीतून पेपर सोडवून घेतला, बादलीत बुडवला आणि पहिल्या अक्षरावर ठेवला. वॉल्ट तिथे थांबला नाही.

सोमवारी दुपारी ब्रेंडाने येऊन बोटीभोवती चक्कर मारली. पत्र्यावर एक ओरखडा नव्हता. तिने कागदावरची चार हजारांची ओळ खोडली. सुमंतने बाहेरून हॉर्न वाजवला, "बाबा, निघायचंय! ट्रॅफिक लागेल!"

"आलोच," ते म्हणाले. कोरडे फडके घेऊन ते बोटीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेले आणि सगळा पत्रा त्यांनी पुसून काढला, रंग द्यायला येणाऱ्या माणसाच्या हाताला धूळ लागू नये म्हणून.