दारापाशी बेस पोचत नाही

नांदे गावच्या ढमाल्यांच्या नव्या बंगल्यात माणसं हॉलमध्ये वयाप्रमाणे बसतात. बाप गेणबा दिवाणावर. थोरला इंद्रजित मागच्या भिंतीला लावलेल्या सोफ्यावर, मधोमध. धाकटा राजू दारापासून चार पावलांवरच्या खुर्चीत. तसं कुणी ठरवून दिलेलं नाही. बेल वाजली, पाणी हवं झालं, रिमोट सापडेना, की ज्याला उठायचं असतं त्याला दाराजवळची जागा सोयीची, एवढंच. राजू एकोणचाळीस वर्षांचा आहे, आणि अजून सोयीचा आहे.

दोघा भावांनी निम्मेनिम्मे घालून म्युझिक सिस्टीम आणली. वरच्या मजल्यावरचा भाडेकरू मनीष, अमरावतीचा, हिंजवडीत नोकरीला. त्याला या गोष्टींचं वेड. रविवारी सकाळी त्यानं सगळं जोडून दिलं आणि खर्जाचा मोठा स्पीकर, म्हणजे सबवूफर, कोपऱ्यात ठेवून ढोल-ताशाचं एक रेकॉर्डिंग लावलं. सोफा थरथरला. इंद्रजितनं असा चेहरा केला की जणू ढोल त्यानंच बडवला.

"झकास! संपला विषय."

"दादा, मला ताशा ऐकू येतुया. ढोल कुटं हाय?" राजू खुर्चीतून म्हणाला.

"कानात बोळा घातलाय का?"

मनीषला राहवलं नाही. "नाही दादा, त्यांचं बरोबर आहे. बेसच्या, म्हणजे ढोलासारख्या खर्जाच्या आवाजाच्या, लाटा भिंतींवर आपटून परत येतात आणि काही जागी एकमेकींना खाऊन टाकतात. राजूदादांची खुर्ची नेमकी तिथं आहे. समोरच्या कोपऱ्यात दुसरा सबवूफर ठेवला तर सगळीकडे बराच सारखा येईल."

"आवाज वाढव की मग."

"वाढवला तर तुमच्याकडे जास्त होईल. तिथं नाहीच पोचणार."

"एक पुरं हाय. घरात काय गणपतीची मिरवणूक काढायचीय?"

राजू अजून नीट बोलत होता. "निम्मं पैसं माझं हायेत. तू हितं येऊन बस. एक मिनिट."

इंद्रजित हसला. त्या एका मिनिटात काय जाणार होतं हे त्याला पक्कं ठाऊक होतं. सोफ्यावरून उठून, भाडेकरूच्या देखत, दाराजवळच्या खुर्चीत. ग्रामपंचायतीला पडला तेव्हासुद्धा तो इतका खाली आला नव्हता.

"मला हितनं समदं ऐकू येतंय."

"तुला येतंय व्हय! मला न्हाई येत म्हनतोय मी!"

"वरडू नगंस."

"चौथ्यांदा सांगतोय, दादा. मी काय खोटं बोलतोय?"

"तुझं नेहमीचंच हाय राजा. मोटरसायकल घेतली तवा बी रंगावरनं रडलास."

राजूच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मोटरसायकल इंद्रजितनं चालवली आठ वर्षं, आणि रंगही त्याच्याच आवडीचा होता.

तेवढ्यात गेणबा दिवाणावरून उठला. गुडघ्यावर हात देत हॉल ओलांडला आणि म्हणाला, "ऊठ रं." राजू उठला. म्हातारा खुर्चीत बसला, डोळे मिटले. मनीषनं घाबरत तोच तुकडा पुन्हा लावला.

"न्हाई," गेणबा म्हणाला. "ढोल न्हाई हितं. नुसतीच कटकट हाय."

वडील दाराशी आणि आपण सोफ्यावर, हे ध्यानात येताच इंद्रजित ताडकन उभा राहिला. "आबा, उठा तितनं! मनीष, मागव दुसरा. आजच मागव."

"न्हाई मागवायचा," राजू म्हणाला.

"आता काय झालं? तुलाच पायजे व्हता की!"

"मी चारदा बोललो तवा मी रडका. आबा एकदा बसलं आन् लगीच खरं?"

"त्यांचं वय बघ की!"

"ऐकायला कान लागत्यात का वय?" राजूचा आवाज फाटला. "मला वूफर नको व्हता, दादा. तू उठायला पायजे व्हतं. मी सांगितल्यावर. निस्ता एकदा!"

गेणबा दिवाणावर परत गेला. इंद्रजितही सोफ्याच्या टोकाला टेकला, कारण उभं राहून करण्यासारखं काही उरलं नव्हतं. राजूनं ती खुर्ची उचलली, सोफ्याच्या हाताला घासून भिंतीशी ठेवली आणि बसला. इंद्रजितला गुडघा आवरून घ्यावा लागला.

मनीषनं हळूच विचारलं, "मग ऑर्डर...?"

"ढोल लाव," राजू म्हणाला.

या वेळी दोघांच्याही छातीत सारखाच घुमला. कुणी कुणाकडे पाहिलं नाही.

इंद्रजितची बायको कल्पना चहा घेऊन आली. एरवी इंद्रजितचा कप दाराजवळच्या खुर्चीतूनच सोफ्यापर्यंत जायचा. तिनं दिराकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, सासऱ्याला कप हातात दिला, मनीषला दिला, आणि ट्रे सोफ्यापासून जरा लांबच्या टीपॉयवर ठेवला.

"राजूभावजी, तुमच्या भावाला—" ती सवयीनं म्हणाली आणि थांबली.

राजू समोर बघत राहिला. इंद्रजितनं बसल्या जागेवरून हात लांब केला. चार बोटं कमी पडली. आणखी वाकला. मग दात खात उठला, दोन्ही कप उचलले, आणि एक खुर्चीकडे असा पुढे केला की निम्मा बशीत सांडला.

"घे."

राजूनं तो सांडलेलाच घेतला.