साहेबाला दाखवायचा सिलेंडर

मित्रांनो, आग विझवायला जन्मलेला आणि आयुष्यभर नुसते फोटो काढून घेत हिंडलेला मी एक जुना लाल सिलेंडर आहे. आता वय झालं, त्यामुळे गोड बोलायची सक्ती माझ्यावर नाही. मोठ्या माणसांविषयी माझं मत फारसं चांगलं नाही. ते का, हे ऐकलंत तर तुमचंही राहणार नाही.

माझा जन्म नागपूरच्या एका वर्कशॉपात झाला. पत्रा वाकवून, जोडून, पाण्याचा दाब देऊन माझी परीक्षा घेतली गेली आणि मी पहिल्या खेपेत पास झालो. पोटात पावडर आणि दाबाचा वायू भरला. मानेशी एक छोटी तबकडी बसवली. तिचा काटा हिरव्या पट्ट्यात असला की मी जिवंत, लाल पट्ट्यात गेला की मेलेला. पहिलीतल्या पोरालाही कळेल अशी खूण! मोठ्यांना ती कधी कळली नाही, कारण त्यांनी ती कधी पाहिलीच नाही.

वर्ध्याजवळच्या सिंदी रेल्वे या गावच्या मनोहररावांनी मला विकत घेतलं. कापसातून सरकी वेगळी करायचा त्यांचा कारखाना, म्हणजे जिनिंग. आगीच्या भीतीने त्यांनी मला आणलं, असं समजू नका. कारखान्याच्या परवानगीसाठी अर्जाला माझा फोटो जोडावा लागतो, म्हणून आणलं. माझ्या शेजारी काचेच्या चौकटीत ते परवानगीचं लायसन टांगलं होतं. मनोहररावांचा सगळा जीव त्या कागदावर. आल्यागेल्याला ते बोट दाखवून सांगत, "सगळं कायदेशीर आहे बरं आपलं!" माझ्याकडे मात्र त्यांनी दसऱ्याच्या हळदकुंकवापुरतंच पाहिलं.

माझी विचारपूस एकटीने केली, आनंदाबाईने. ती यंत्रात कापूस टाकायची आणि सुटीच्या आधी झाडलोट करायची. मला पुसता पुसता एकदा तिने विचारलं, "मालक, हे कसं चालवतेत जी?"

"तुले काय करायचं आहे?" मनोहरराव म्हणाले. "ते साहेबाले दाखवासाठी आहे."

आनंदाबाईला वाचता येत नव्हतं. पण माझ्या अंगावर तीन चित्रं होती. पिन ओढा, नळी आगीकडे धरा, वरची दांडी दाबा. ती चित्रं तिने रोज पुसता पुसता पाठ केली. कधीकधी फडकं बाजूला ठेवून हवेत हात फिरवून बघायची आणि स्वतःशीच हसायची. त्या कारखान्यात माझा उपयोग समजलेलं ते एकच माणूस होतं, मित्रांनो, आणि ते रोजंदारीवर होतं.

मग प्रभाकरराव आले. वर्ध्याला स्टेशनजवळ त्यांची खोली आहे आणि ते लोकांची लायसनची कामं करून देतात. कारखान्याचं लायसन, प्रदूषणवाल्यांची संमती, वजनकाट्याचा शिक्का, आगीचा ना-हरकत दाखला, काहीही सांगा. इतका हुशार माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि इतक्या कोत्या मनाचाही दुसरा पाहिला नाही. मला पाहून ते मनोहररावांना म्हणाले, "हे वर्षभर रिकामं लटकून राह्यलं. साहेब येईन त्या दिवशी तुमच्याकडे, बाकी दिवस माह्याकडे. काय म्हणता?"

मनोहररावांनी मान हलवली आणि माझी वरात निघाली. आज तेलघाणी, उद्या डाळमिल, परवा साबणाची शेड. मी भिंतीवर चढायचो, फोटो निघायचा, साहेब सही करायचे, की मी पुन्हा प्रभाकररावांच्या स्कूटरवर. एकाच वेळी मी सात कारखान्यांच्या फायलींत हजर होतो. देवालाही हे जमत असेल की नाही, शंका आहे. माझ्यात पुन्हा वायू भरायची तारीख उलटली, तेव्हा प्रभाकररावांनी जुनं स्टिकर नखाने खरवडून नव्या तारखेचं चिकटवलं. पोटातली पावडर दगड झाली, काटा लाल पट्ट्यात जाऊन पडला. स्टिकर मात्र ताजं होतं. तपासणीचे साहेब एकदा माझ्याकडे निरखून बघत म्हणाले, "याले मी कुठंतरी पाह्यलं आहे हो." प्रभाकरराव हसले, साहेबही हसले, आणि सही झाली. त्या हसण्याची मला अजून किळस येते.

माघात जिनिंगची तपासणी होती, म्हणून मला सिंदीला परत आणलं होतं. तपासणी नीट पार पडली. दुसऱ्या दिवशी दुपारी कापसातून एक खडा यंत्रात गेला, ठिणगी उडाली आणि समोरच्या ढिगाने पेट घेतला. माणसं ओरडत बाहेर पळाली. आनंदाबाई उलट माझ्याकडे धावली. तिने मला खिळ्यावरून ओढलं, पिन काढली, नळी आगीकडे धरली आणि दांडी दाबली. अगदी चित्रातल्यासारखं!

मी काही केलं नाही. मला काही करताच आलं नाही. तिने पुन्हा दाबलं, पुन्हा दाबलं, "चाल ना रे बाबा" म्हणाली, आणि तोवर आग तिच्या हातांपर्यंत आली. मित्रांनो, मी लोखंडाचा आहे, पण त्या क्षणाची लाज मला आजही वाटते.

बंब आला, आग विझली. बंबावरच्या माणसाने मला उचलून काटा पाहिला आणि तिला म्हणाला, "बाई, हे केव्हाचंच मेलेलं आहे. तुझी काही चूक नाई."

पण कागदावर काय आलं, ऐका. 'आग विझवण्याचे साधन उपलब्ध होते. कामगार महिलेस ते वापरता आले नाही.' खाली शिक्का, वर फोटो, फोटोत मी. मनोहररावांचं लायसन शाबूत राहिलं. आनंदाबाई हाताला पट्ट्या बांधून आली तेव्हा ते तिच्याकडे न बघता म्हणाले, "आता येऊ नको." ती म्हणाली, "मले येत होतं, मालक. साऱ्या सिंदीत म्हणून राह्यले का आनंदीले येत नव्हतं. मले येत होतं."

प्रभाकररावांनी मला नवा लाल रंग दिला आणि अल्लीपूरला नेलं. तिथे गोपिकाताईंनी राहत्या घरातच हळद-तिखट दळायचा छोटा कारखाना घातला होता. आगीचा दाखला तेवढा राहिला होता, तो मिळाला की दुसऱ्या दिवशी चक्की सुरू. साहेब आले, पेन काढलं. तेवढ्यात पोती शिवत बसलेल्या बायांतून एक उठून पुढे आली. आनंदाबाई! ती आता इथे बहिणीकडे राहत होती.

"साहेब, हे एकदा दाबून दाखवा," ती म्हणाली.

"बाई, तुले काय समजते त्यातलं?" प्रभाकरराव खेकसले.

साहेबांनी घड्याळ पाहिलं. तेव्हा तिने स्वतःच मला उतरवलं. आखडलेल्या बोटांनी पिन निघेना, तिने ती दाताने ओढली. नळी अंगणाकडे धरून दांडी दाबली. साधी फुंकरही निघाली नाही.

"पाहा," ती म्हणाली. "मले येते."

गोपिकाताई तिच्या हातांकडे बघत राहिल्या. मग साहेबांसमोरचा अर्ज त्यांनी ओढून घेतला. "सही नका करू, साहेब. भरलेलं आणते, मंग बोलावते. प्रभाकरराव, हे उचला माह्या घरातून." साहेब पुन्हा येईपर्यंत चक्की महिनाभर बंद राहणार, हे त्यांना ठाऊक होतं. तरी, पुढे माझ्या कानावर आलं, त्यांनी नवीन सिलेंडर आणला, आणि तो कसा चालवायचा हे सगळ्या बायांना शिकवायला आनंदाबाईला उभं केलं.

मी मात्र पुन्हा स्कूटरवर आहे. त्या दिवशी अल्लीपूरच्या वेशीपर्यंतही पोचलो नव्हतो, तोच प्रभाकररावांनी फोनवर पुढचं गिऱ्हाईक धरलं.

तेव्हा मित्रांनो, तुमच्या शाळेत, दुकानात, आईबाबांच्या कामाच्या जागी माझा कोणी भाऊबंद दिसला, तर त्याच्या रंगाला भुलू नका. मान वर करून काटा बघा. लाल पट्ट्यात दिसला तर मोठ्यांना विचारा, आणि ते हसले तर पुन्हा विचारा. आम्हाला भरा, नाहीतर भंगारात टाका. पण मेलेल्याला भिंतीवर टांगून त्याच्या भरवशावर माणसांना कामाला लावू नका.