नवव्या पडद्यावरची सात नावं

मी नऊ नंबरचा पडदा बोलतोय, म्हणजे लॅपटॉपवर खिडक्या मांडायची एक जागा. बिश्केकच्या मीरगुलच्या लॅपटॉपवर आम्ही असे नऊ जण. एका वेळी एकच दिसतो, बाकीचे मागे ताटकळत. तिच्याकडे खिडक्या एकमेकींवर चढत नाहीत. फरशांसारख्या कडेला कड लावून बसतात. आणि पडदा रिकामा झाला, मीरगुल तिथून हलली, की तो पडदाच नाहीसा! असला आमचा जन्म. म्हणून माझा जीव कायम टांगणीला.

उन्हाळ्यात तिने मला उघडलं ते मेदेरकाकांसाठी. बाप ती लहान असतानाच गेला. बापाकडच्या सात पिढ्यांच्या पूर्वजांची नावं आता एकट्या काकांना ठाऊक. ती नावं सांगता आली नाहीत, तर सोयरिकीच्या बैठकीत मान खाली जाते. काका त्यांच्या गावाहून, नारिनहून, फोनवर सांगत गेले, ही टिपत गेली. टिपलं सगळं, सेव्ह मात्र केलं नाही. 'करते की' म्हणत तीन महिने! बाईसाहेब लॅपटॉप कधी बंदच करत नाहीत ना.

आज सकाळी तिला आवराआवरीचा झटका आला. दोनवरची पत्रं पाचवर, पाचवरचं काम एकवर आणि गाणी माझ्याकडे. नावांची खिडकी आक्रसून अर्ध्यावर आली. जाता जाता नावं बघायला ती तिकडे वळली आणि चालू खिडकी दाखवणारी निळी कड नावांभोवतीच राहिली. कड जिच्याभोवती, बटणांचा हुकूम तिला.

तेवढ्यात फोन वाजला. काकाच बोलत होते, इस्पितळातून. दुपारी घशाचं ऑपरेशन, नंतर आवाज राहील याची खात्री नव्हती. गाणी थांबवायला मीरगुलने सवयीने खिडकी बंद करायची बटणं दाबली. नावांची खिडकी काही न विचारताच मिटली, नावं गेली. गाणी चालूच.

ती पांढरीफटक पडली. मग काकांना खरं काय ते सांगून टाकलं.

काका खरखरत हसले. "अगं शहाणे, तुझ्या हाती मेंढ्या दिल्या असत्या, तर कळप दरीत घातला असतास. घे, लिही. हळूहळू सांगतो, घसा दुखतोय."

तिने गाणी बंद केली. मी रिकामा झालो. आता तिचं बोट एकच्या बटणावर आहे. तिथे कोरी खिडकी उघडेल आणि माझा खेळ खलास. तीन महिने ती नावं अंगावर बाळगली, पण मला वाचता कुठे येतं! नाहीतर मीच सांगितली असती.

पोरी, एवढं एकच कर. एक नाव लिहिलंस की आधी सेव्ह कर, मगच पुढचं विचार. काकांना तिसऱ्यांदा विचारता यायचं नाही.