वाचणाऱ्याचं फळ

कृष्णाबाईंनी तळहातावर पाणी घेतलं, डोळे मिटले आणि नातू मस्कतला जाऊ नये असं मनात म्हणून ते ताम्हनात सोडलं. मग पळी सुनेच्या हाती दिली. अनितानंही पाणी सोडलं. आपला विशाल जावा, असं तिनं मागितलं. ते गुपित नव्हतंच. आठवडाभर ती सगळ्या वरसे गावाला तेच सांगत होती.

पोथी एक, पारायण एक, पोरगाही एकच. देवानं काय करायचं ते कोणी ठरवलं नव्हतं.

विशाल धाटावला रंगाच्या एका कंपनीत शिफ्टला जायचा. मस्कतमध्ये नोकरीला असलेला शेजारचा सुलेमान त्याच्यासाठी व्हिसा पाठवणार होता. सुलेमानची आई शरीफा नमाजानंतर विशालसाठी दुवा मागत होती. म्हणजे वर एकाच पोराचे अर्ज दोन भाषांत पोचत होते, आणि त्यात कृष्णाबाईंचा अर्ज एकटा पडला होता.

त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू. म्हणून वाचायचं सुनेनं आणि ऐकायचं त्यांनी, अशी वाटणी होती. अनिता वाचायची ती शेवटची एसटी चुकेल अशा वेगानं. कृष्णाबाई पाटावर सारख्या चुळबुळत होत्या. कधी वात सारायच्या, कधी फुलं हलवायच्या.

"हळू वाच गो. देवाला कळलं पायजे."

"देवाला कळतंय, आई. तुमचाच जीव जागेवर नाय."

ते खरं होतं. मागणं दोघींचं, पण फळ कोणाला? हा प्रश्न त्यांना जेवू देईना. दुपारी पेणच्या पोह्याच्या पापडांचं पुडकं पदराखाली घेऊन त्या रोह्याच्या देवळात गेल्या. तिथं हैबतराव पुराण सांगत. त्या वेळी ते सुपारी कातरत होते. कोणासाठी काय मागितलं ते न सांगता कृष्णाबाईंनी नुसता कायदा विचारला.

"वाचणाऱ्याला फळ पुरं," हैबतराव म्हणाले. "ऐकणाऱ्याला अर्धं."

"अर्धं म्हंजे कसं? माणूस मुंबईपातूर जाऊन माघारी येतो?"

हैबतरावांचा अडकित्ता थांबला. शास्त्रात एवढं बारीक काही दिलेलं नाही, असं त्यांनी कबूल केलं आणि पापड ठेवून घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अनिता नळावर गेली, तशा कृष्णाबाई भिंग घेऊन पोथीपुढं बसल्या. पुरं फळ हवं, तर स्वतःच वाचायला हवं होतं. त्यांचा जन्म धरमतरच्या खाडीकाठचा; जाळ्यातल्या कोलंबीसारखी ती अक्षरं उसळत होती. एक धरावं तर दुसरं निसटे. पहिली ओवी पुरी होईना.

रात्रपाळी करून आलेला विशाल दारात उभा राहिला. अंघोळ कंपनीतच उरकून आला होता, केस अजून ओले होते.

"आई वाचते ना? तू कशाला डोळे फोडतेस?"

"वाचंल त्याला पुरं फळ. हैबतराव म्हणाले."

"आणि मागायचं कुणासाठी? माझ्यासाठीच ना?" तो चपला काढत म्हणाला. "मग सरक. मीच वाचतो."

हे कृष्णाबाईंच्या हिशेबात नव्हतं. पण पोथी वाचतो म्हणणाऱ्याला नको म्हणायची सोय घरात कधीच नव्हती. त्या सरकल्या. विशाल मांडी घालून बसला आणि पाण्यासाठी त्यानं उजवा हात पुढं केला.

तो हात त्यांनी कित्येक महिन्यांत उजेडात पाहिला नव्हता. पोरगा यायचा तो झोपायचा, उठायचा तो जायचा. हात मनगटापर्यंत पिवळा होता. बोटांच्या पेरांवरची कातडी सोलून आत लाल दिसत होतं. विशालनं पोथीपासून तोंड फिरवलं आणि तो बराच वेळ खोकत राहिला.

"साबण लावतोस काय?"

"लावतो. नाय जात ते."

कृष्णाबाईंच्या हातातली पळी तशीच राहिली. मग त्यांनी पाणी घातलं, अगदी थोडं थोडं. झोंबलं असावं, बोटं आखडली. पण त्यानं हात मागं घेतला नाही. डोळे मिटून तो बसला. काय मागतोस, असं त्यांनी विचारलं नाही.

पाणी सोडून त्यानं पोथी जवळ ओढली. कृष्णाबाईंनी समई त्याच्या बाजूला सरकवली.

"विशाल, तिकडं तांदूळ कंचा मिळतो रं?"

त्यानं मान वर केली. "बासमती."

"रोज?"

"रोज."

त्यांनी समईची वात पुढं सारली.

"पोट बिघडंल," त्या म्हणाल्या. "सुलेमानाला विचार, आपला जाडा तांदूळ न्यायला देतात काय."