कॅबिनेटवरची धाबळी

विश्वजीतनं ग्रुपवर टाकलं : ‘धम्मानंदनं जुनं ग्राफिक्स कार्ड नवं म्हणून बसवलंय. त्या लोकांकडून घेतलं की असंच होतं.’

ग्रुपात हिंगोली-कळमनुरीची दोनशे पोरं. निम्म्यांचे गेमिंगचे कॉम्प्युटर मी जोडलेले. दुपारी डोंगरकड्याच्या तातेरावचा फोन आला, ‘माझी ऑर्डर राहू दे जरा.’ जरा म्हणजे कायमची. दिवस मावळेपर्यंत अजून चौघं गळाले. डेपोसमोरचं माझं दुकान नावावर चालतं. ते नाव या पोरानं एका अंगठ्यानं पुसून टाकलं.

त्याची तक्रार अशी, की सकाळी गेम मस्त पळतो, सेकंदाला एकशे चाळीस फ्रेम. संध्याकाळी सातनंतर पंचवीस. हा बंदूक उचलेपर्यंत समोरचा याला मारून मोकळा. दोनदा कॉम्प्युटरचं कॅबिनेट दुकानात आणून आदळलं. दोन्ही वेळा मी संध्याकाळीच चार-चार तास गेम चालवला. एक फ्रेम कमी झाली नाही. व्होल्टेजची शंका आली म्हणून स्टॅबिलायझर दिला. ड्रायव्हर नव्यानं टाकले. घरी नेलं की पुन्हा तेच.

‘घरी येऊन बघू दे की मला.’

‘ती खोली देवघराची आहे. फोटो पाठवतो.’

फोटो दुपारचा. त्यात सगळं बराबर.

मेसेजच्या दुसऱ्या दिवशी मी न विचारता गेलो, पावणेसातला. साडेसातला त्याची नांदेडच्या स्पर्धेसाठी निवडीची मॅच होती, घरूनच खेळायची. दारात त्याचे वडील, राधाकृष्ण गुरुजी. देवळातली पूजा त्यांच्याकडे.

‘काय रे, कशाला आलास?’

‘मशीन बघायला.’

‘उंबऱ्याबाहेरून दिसेल तेवढं बघ.’

चप्पल काढून उंबऱ्यापाशी उभा राहिलो. विश्वजीत खुर्चीत, हेडफोन गळ्यात. ‘बघ, आत्ता एकशे चाळीस. सात वाजू दे, मग कळेल काय माल दिलास ते.’

सात वाजले. गुरुजी आत आले. खुंटीवरची सोवळ्याची धाबळी काढली, लोकरीची, घोंगडीएवढी जाड, आणि चालू कॅबिनेटवर टाकली. वरून, मागून, नीट खोचून. मग देवांपुढं बसले आणि घंटा वाजवायला लागले.

एकशे वीस. नव्वद. दहा मिनिटांत पंचवीस. पडद्याच्या कोपऱ्यात कार्डाचं तापमान, सत्त्याण्णव.

‘ते काय घातलं त्याच्यावर?’

‘बाबा घालतात. पूजेच्या वेळी झाकलेलं लागतं त्यांना. लोकरीला विटाळ लागत नाही म्हणे.’ पोरगं पडद्याकडंच बघत होतं. ‘मशीन तुझ्या हातचं आहे ना.’

‘रोज?’

‘रोज. सकाळी आई काढते.’

‘अरे, मशीन गुदमरून राहिलं! गरम हवा निघंल कुठून? दोन महिने हे सांगितलं काहून न्हाईस?’

‘त्यात सांगायचं काय? कापड आहे ते.’

मी आत गेलो. कुणी ये म्हणालं नाही. चार पावलं. धाबळी ओढून फरशीवर टाकली. गरम वाफ तोंडावर आली. तापमान नव्वद, ऐंशी, बहात्तर. फ्रेम एकशे अडतीस.

घंटा थांबली.

मी मोबाईल काढला, व्हिडिओ चालू करून पोराच्या तोंडापुढं धरला. ‘बोल. कार्ड नवं आहे, चूक आमच्या घरातली होती.’

‘मॅच आहे माझी!’

‘मग लवकर बोल. न्हाई तर धाबळी परत टाकू?’

तो बोलला.

‘आणि ते लोक?’

‘ते चुकून लिहिलं.’

‘लिहिताना हात थरथरला न्हाई तुझा. माफी माग.’

त्यानं मागितली. मागं पडद्यावरचे आकडे दिसतील असा मोबाईल मी धरला होता. तिथंच उभं राहून मी व्हिडिओ ग्रुपवर टाकला. तातेरावनं पहिला बघितला.

‘झालं ना?’ गुरुजी म्हणाले. आवाज चढला नव्हता. ‘हो बाहेर.’

मी बाहेर झालो. उंबऱ्याशी वळून बघितलं. गुरुजींनी तांब्यात पाणी घेतलं होतं, त्यात बाटलीतलं गोमूत्र ओतून पळीनं ढवळत होते. मी जिथं-जिथं उभा होतो तिथं शिंपडलं. मग कॅबिनेटकडं वळले.

त्या कॅबिनेटला वरून जाळी आहे. मीच निवडली होती, हवा खेळावी म्हणून. जाळीखाली थेट कार्ड. विश्वजीतनं हेडफोन चढवले होते, मॅच सुरू व्हायला मिनिट राहिलं होतं. ‘आधी बंद करा’ एवढंच म्हणायचं होतं.

‘गुरुजी,’ मी म्हणालो.

‘तोंड उघडू नकोस इथं.’

नाही उघडलं.

आधी त्यांनी बोटांनी शिंपडलं. तेवढ्यानं समाधान झालं नाही. मग पळी भरून सोडली, मग दुसरी. चट्ट आवाज झाला, जळक्या प्लास्टिकचा वास सुटला, पडदा काळा पडला. पोरगं हेडफोन फेकून उठलं. बापाकडं बघितलं, तांब्याकडं बघितलं आणि दाराकडं धावलं. उंबऱ्याच्या आतच थांबलं.

‘धम्मादादा! आता काय करायचं?’

दोन महिन्यांनी दादा झालो होतो.

‘ग्रुपवर टाक,’ मी म्हणालो आणि चप्पल घातली.