गायनखोलीच्या दाराची कडी

मी एक जुनी पितळी कडी आहे, मित्रांनो, आणि इतकी वर्षं झाली तरी माझा राग काही निवत नाही. नाशिकच्या एका ओताऱ्याच्या भट्टीत माझा जन्म झाला. १९९१ साली सावळीराम मिस्त्रीने मला एका चर्चमागच्या गायनखोलीच्या दाराला आतून बसवलं. चर्चचं नाव सांगत नाही. तिथले पाद्री, म्हणजे पाळकसाहेब, म्हणाले, "मिस्त्री, जरा उंच बसवा. पोरं सारखी खेळत बसतील." मिस्त्रीने मला आपल्या डोक्याच्याही वर बसवलं. तेव्हा मला उलट अभिमानच वाटला होता.

पहिली वर्षं मजेत गेली. आवारातच मुलींचं बोर्डिंग होतं. पेठ-सुरगाण्याच्या डोंगरातल्या मुली तिथे राहून शिकायच्या, कारण त्यांचे आईबाप भातकापणी आटोपली की मजुरीला बाहेर जायचे. नाताळची गाणी बसवायला वीसेक मुली एकदम यायच्या. बोर्डिंगच्या स्वयंपाकीणबाई ठमाबाई मला चिंचेने लख्ख घासायच्या. येणारे-जाणारे म्हणायचे, काय दणकट कडी आहे! मुलींच्या न्हाणीघराला मात्र साधं दारही नव्हतं, गोणपाटाचा पडदा होता. चर्चचा कारभार पाहणाऱ्या पंचकमिटीत दरवर्षी तो विषय निघायचा आणि दरवर्षी राहून जायचा.

१९९७ साली धनराजसर गाणं शिकवायला आले. गळा गोड, बोलणं त्याहून गोड. मंडळी, म्हणजे चर्चचे सगळे सभासद, त्यांच्यावर खूश. दिवाळीनंतर सरांनी दहा वर्षांच्या रोशनीला एकटीला थांबवायला सुरुवात केली. म्हणे तिचा सूर कच्चा आहे. ते मला सरकवायचे आणि मी लागायचे. मित्रांनो, मी काय पाहिलं ते सांगणार नाही. एवढंच सांगते, की रोशनीने दोनदा माझ्याकडे उडी मारली आणि तिचा हात पोचला नाही. मला जागचं हलता आलं नाही याची आजही लाज वाटते.

रोशनीने मात्र सांगितलं, हे मला पुढे ठमाबाईंच्या तोंडून कळलं. ठमाबाईंजवळ तांदूळ निवडताना ती हळूच म्हणाली, "मावशी, मला तिकडं एकटीला नाय जायचं. सर कडी लावतात. अंगाला नको तिथं हात लावतात."

ठमाबाई सूप तसंच टाकून पाळकसाहेबांकडे गेल्या. आणि पाळकसाहेब काय म्हणाले? "ठमाबाई, नाताळ तोंडावर आलाय. आपण प्रार्थना करू. क्षमा करायला शिकलं पाहिजे. बाहेर बोलू नका, मंडळीचं नाव जाईल." अहो, क्षमा करायची की नाही हे रोशनीने ठरवायचं, आणि तिला विचारलं कुणी?

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर रोशनीला पुन्हा बोलावणं आलं. तिच्याऐवजी ठमाबाई आल्या, सरपण फोडायची कुऱ्हाड घेऊन. स्टुलावर चढल्या, पातं माझ्यामागे खुपसलं आणि हिसक्यासरशी मला उपटलं. दाराची ढलपीसुद्धा निघाली. सर आले नि म्हणाले, "कडी कुठंय?"

"माझ्या पदरात हाय," ठमाबाई म्हणाल्या. "आन् पोरगी माझ्या चुलीपाशी हाय. ती आता इथं येणार नाय."

लगेच पंचकमिटीची तातडीची बैठक बसली. विषय काय, तर चर्चच्या मालमत्तेची मोडतोड! मला टेबलावर मधोमध ठेवलं. दार सागाचं होतं, नवीन फळी मिळेल का, स्वयंपाकीणबाईला एवढा अधिकार कुणी दिला, यावर तासभर तावातावाने बोलणं झालं. ठमाबाईंनी मला का उपटलं हे सगळ्यांना ठाऊक होतं, तरी रोशनीचं नाव एकानेही काढलं नाही. शेवटी एक पंच म्हणाले, नाताळ झाला की सरांना शाल देऊन निरोप देऊ, दुसऱ्या गावच्या बोर्डिंगला गाणं शिकवणारा हवाच आहे, चांगलं पत्र लिहून देऊ. म्हणजे तिथल्या मुलींचं काय व्हायचं ते होवो!

ठमाबाई दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "साहेब, कडीची चौकशी झाली आसंल तर आता पोरीची करा."

पंचांमध्ये एकच बाई होत्या, निवृत्त नर्स चतुराबाई. त्यांनी मला उचलून पर्समध्ये टाकलं आणि त्या उठल्या. "त्या पत्रावर मी सही करणार नाही. ठमाबाई, रोशनीला घ्या. पोलीस ठाण्यात जाऊ."

तिथे रोशनी बोलली आणि ते लिहून घेतलं गेलं. सरांना अटक झाली, पुढे शिक्षाही झाली. मंडळीतल्या कित्येकांनी मात्र ठमाबाईंना सलाम करणं सोडलं. जणू गुन्हा त्यांनीच केला होता! त्यांनी बोर्डिंगची चूल काही सोडली नाही.

खटल्यात मी पुरावा होते; तो संपल्यावर ठमाबाईंच्या फडताळात काळवंडत पडले. २००९ साली रोशनी त्याच बोर्डिंगची अधीक्षिका होऊन आली. गायनखोलीच्या दाराला तिने मोठी काच बसवून घेतली, आणि एकट्या मुलीला कुणी बंद खोलीत शिकवायचं नाही असा नियम केला. मग न्हाणीघराला दार बसवून घेतलं आणि ठमाबाईंकडून मला मागून घेतलं. नवा मिस्त्री मला सवयीने वर धरू लागला, तेव्हा रोशनीने चौथीतल्या तेजस्विनीला पुढे उभं केलं. "हिचा हात पोचेल तिथं बसवा," ती म्हणाली.

मित्रांनो, एखादं मूल म्हणालं की मला तिकडे जायचं नाही, तर आधी त्याचं ऐका. दाराच्या ढलप्या नंतर बघा. तुम्हीच ते मूल असाल, तर एकाने ऐकलं नाही म्हणून गप्प बसू नका, दुसऱ्याला सांगा. आता रोज सकाळी लहान ओले हात मला लावतात, आणि तेच हात मला उघडतात.